केरीच्या किनाऱ्यावर सातशे रुपयांत मोडलेला माझा मकर

आधी कबुलीजबाब. काही वर्षांपूर्वी ऐन पावसात मांद्र्याच्या किनाऱ्याला एक कुजलेलं धूड लागलं. मी तेव्हा एका दैनिकाचा गोव्यातल्या पेडणे तालुक्याचा वार्ताहर होतो. लांब चोच, चोचीत दातांची रांग, सापासारखी निमुळती होत गेलेली शेपटी आणि कुशीला चक्क पाच बोटांचा हात! नाकाला रुमाल लावून मोबाइलवर दोन फोटो काढले आणि बातमी पाठवली : 'मांद्र्याच्या किनाऱ्यावर मकर?' डेस्कवरच्या कुणीतरी प्रश्नचिन्ह उडवलं आणि तीन कॉलमात छापून टाकली. देवळाच्या तोरणावरचा मकर पाहायला पार म्हापशाहून माणसं आली. तोवर पंचायतीने तो वाळूत पुरलाही होता. गावातली पोरं मला अजून 'मकरकाका' म्हणतात.

त्यामुळे 'समुद्राने टाकलेलं ओळखा' अशी रविवारच्या फेरीची जाहिरात व्हॉट्सॲपवर आली तेव्हा फार विचार न करता सातशे रुपये भरले. आयोजकांचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोड्या तक्रारी आहेत. माणसं भली आहेत.

ठिकाण केरी. पेडण्यातली, सत्तरी तालुक्यातली नव्हे. (एक जोडपं खरोखरच सत्तरीतल्या केरीला पोचलं होतं. जाहिरातीत तालुका लिहायला हवा होता.) सकाळी साडेसहाला सुरूच्या झाडांखाली जमलो. बारा जणांची तुकडी सांगितली होती, प्रत्यक्षात बावीस माणसं. समुद्राच्या आवाजात मागच्यांना काही ऐकू येत नव्हतं, म्हणून वयाचा फायदा घेऊन मी पुढे घुसलो.

शिकवणारी मुलगी सागरी जीवशास्त्र शिकलेली, तिशीच्या आतली, बोलणं स्वच्छ. तिने पहिल्या दहा मिनिटांत जे केलं त्यावर माझे सातशे रुपये वसूल झाले. पिशवीतून पुठ्ठ्याची एक मुशी काढली, हातभर लांब. म्हणाली, ही बास्किंग शार्क. आपल्या समुद्रात नसते, थंड पाण्यात असते. तोंड उघडं टाकून पोहते आणि बारीक जीव गाळून खाते. आता ही मेली. मग एकेक तुकडा काढत गेली. आधी जबडा गळतो, त्याच्याबरोबर कल्ल्यांचा सगळा सांगाडा. एवढं मोठं तोंड गेलं की उरते इवलीशी कवटी आणि मागे मणक्यांची लांब काठी, म्हणजे झाली मान! मुशीचा कणा शेपटीच्या वरच्या पात्यात जातो, त्यामुळे खालचं पातं गळून पडतं आणि शेपटी सापाची होते. परांमधले तंतू सुटून पिंजारतात, ती झाली आयाळ. हातात जे उरलं ते पाहून मागचा एक मुलगा ओरडला, "डायनासोर!" तो अगदीच चुकला नव्हता. पुस्तकांतल्या चित्रांमधला लांब मानेचा प्लेसिओसॉर, म्हणजे डायनासोरांच्या काळातला समुद्री सरीसृप, हुबेहूब असाच दिसतो.

नेमकं हेच १९७७ च्या एप्रिलमध्ये जपानी माणसांचं झालं. 'झुइयो मारू' या मासेमारी जहाजाच्या जाळ्यात न्यूझीलंडजवळ सुमारे दहा मीटर लांबीचं कुजकं धूड आलं. पकडलेली मासळी नासेल म्हणून ते परत समुद्रात टाकलं, पण त्याआधी जहाजावरच्या एकाने फोटो काढले आणि पराचे थोडे तंतू कापून ठेवले. जपानात प्लेसिओसॉर सापडल्याचा गाजावाजा झाला. तंतूंची रासायनिक तपासणी झाली, तर ते बास्किंग शार्कच्या तंतूंशी जुळले. ऐकताना मला त्या तंतू कापणाऱ्या माणसाचा हेवा वाटला. मी रुमालातून श्वास घेत दोन फोटो काढले आणि पळालो होतो.

१८०८ मध्ये स्कॉटलंडच्या स्ट्रॉन्से बेटावर लागलेल्या धुडाची गोष्टही तिने सांगितली. लोकांनी ते ५५ फूट मोजलं, एडिंबराच्या विद्वानांनी त्याला लॅटिन नावही देऊन टाकलं, आणि लंडनच्या एव्हरार्ड होम या शल्यवैद्याने मणके पाहून सांगितलं, ही बास्किंग शार्क. म्हणजे डेस्कवर प्रश्नचिन्ह उडवणारे तेव्हाही होते. चिलीच्या किनाऱ्यावर २००३ साली तेरा टनांचा बिनहाडांचा गोळा आला, तोही पुढे डीएनएवरून स्पर्म व्हेलच्या चरबीचा थर निघाला.

मध्येच मी माझा फोटो पुढे केला. तिने मोठा करून पाहिला, हसली नाही, ही तिची सभ्यता.

"काका, कवटीवर नाकाची भोकं कुठे दिसतात?"

कपाळावर होती. इतकी वर्षं तो फोटो जवळ आहे आणि मी कधी पाहिलं नव्हतं. मगरीची नाकपुडी जबड्याच्या टोकाशी असते. हा डॉल्फिन. दात सगळे एकसारखे, सुळे-दाढा असा भेद नाही. शेपटीच्या आडव्या पात्यात हाड नसतं, ते कुजून गेलं की मागे निमुळता कणा राहतो. पाठीवरच्या परातही हाड नाही, तोही गेला. आणि तो हात? डॉल्फिनच्या वल्ह्यासारख्या पराच्या आत खरोखरच पाच बोटांची हाडं असतात. कातडी सोलवटली की माणसाचा पंजा वाटावा अशी. मागचे पाय मात्र नव्हते, आणि मकराला ते नाहीत याचं त्या दिवशी मांद्र्यात कुणालाच नवल वाटलं नाही, मलाही नाही.

आपल्याकडे कुबडवाले डॉल्फिन किनाऱ्याजवळ दिसतात, तोच का, असं विचारलं तर ती म्हणाली, "असेल. पण मापाशिवाय कसं सांगू? बाजूला चप्पल तरी ठेवायची होती."

हा सल्ला बातमीदारीच्या एवढ्या वर्षांत मला कुणी दिला नव्हता. फोटो वरून, बाजूने, डोक्याचा, दातांचा, शेपटीचा, आणि प्रत्येकात एखादी मापाची वस्तू. हात लावायचा नाही. हाडूक घरी न्यायचं नाही, कारण डॉल्फिन, देवमासे, कासवं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत आणि व्हेल शार्क २००१ पासून. म्हणूनच तिच्याकडच्या कवट्या प्लास्टरच्या होत्या.

आता तक्रारी. सोबतचं माहितीपत्रक फक्त इंग्रजीत. बावीसपैकी निम्मी माणसं पेडणे-डिचोलीची, मराठी वाचणारी. त्यात 'मुशी', 'वागळं' (पंखांसारख्या परांचा चपटा मासा), 'देवमासा' हे आपले शब्द कुठेच नाहीत. शेवटचा पाऊण तास जलपऱ्या आणि एकशिंगी घोडे टॅबवर दाखवण्यात गेला, आणि आठ वाजताच्या उन्हात त्या टॅबवर स्वतःचा चेहरा सोडून काही दिसत नव्हतं. त्यातलं एक मात्र लक्षात राहिलं. पूर्वी युरोपात 'सैतान' म्हणून विकल्या जाणाऱ्या वाळवलेल्या प्राण्याचं छापील चित्र होतं : दात विचकलेलं तोंड, दोन डोळे, पंख. टोपली घेऊन चाललेली एक म्हातारी मासेविक्रेती थांबली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, हें वागळें!" बरोबर! वागळ्याच्या पोटाकडच्या नाकपुड्या डोळ्यांसारख्या दिसतात, बाकी सगळी कात्रीची करामत. कॉनराड गेस्नर या स्विस पंडिताने १५५८ सालीच तसा इशारा दिला होता. आजीला दोन सेकंद लागले. पुढच्या वेळी तिलाच मानधन देऊन बोलवा, असं मी आयोजकांना सुचवलं आहे.

प्रत्यक्षात किनाऱ्यावर आम्हाला काय मिळालं? समुद्रफेनाचे चार तुकडे (माणकीच्या जातीतल्या जिवाच्या पाठीतली ही 'फळी', लहानपणी आम्ही तिच्यावर नावं कोरायचो), फुगून सुकलेला एक काटेरी मासा, आणि बाटल्या. मेलेलं मोठं काही नाही. पुण्याहून आलेले एक गृहस्थ त्यावर नाराज होते. त्यांना धूड हवं होतं. समुद्र मागणीप्रमाणे पुरवठा करत नाही, हे जाहिरातीत छापावं लागेल बहुधा.

न्याहारी फीमध्ये नाही. हरमलला येऊन पातळभाजी आणि उंडो खाल्ला, तो भाग निर्विवाद पाचपैकी पाच. फेरीला मी साडेतीन देतो. तुकडी बाराची ठेवली आणि पत्रक मराठीत काढलं तर साडेचार.

बातमीचा खुलासा मी जुन्या डेस्कला पाठवला. उत्तर आलं, 'एवढ्या वर्षांनी कोण वाचणार?' म्हणून इथे लिहिला. जाणार असाल तर पाण्याची बाटली, टोपी आणि जुनी चप्पल घ्या. माझी नऊ नंबरची आहे, टाच ते टोक अठ्ठावीस सेंटिमीटर. घरी येऊन मोजून ठेवली.