मोफत सरकारी वकिली सेवा : आरोपीसाठी भरवशाची, दाव्यासाठी नशिबाची

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील घ्यावा का? फौजदारी खटल्यात आरोपीने बिनधास्त घ्यावा. वाटपाचा किंवा ताब्याचा दावा असेल तर घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून. वकिलांची हुशारी दोन्हीकडे सारखीच असते. फरक पडतो तो त्यांना पैसे कसे मिळतात यामुळे.

आधी अर्जाचं. प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, तालुक्याला समिती असते आणि फोनसाठी 15100. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कोठडीतले लोक यांना उत्पन्नाची अट नाही. बंगल्यात राहणाऱ्या बाईंनाही हा वकील मिळतो, यावर बार रूममध्ये कुरकुर चालते ती वेगळी. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला 3 लाखांची मर्यादा आहे. दाखल्यासाठी तहसीलमध्ये खेटे घालू नका. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 13 प्रमाणे उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं. अर्जावरचा निर्णय शक्यतो त्याच दिवशी, फार तर 7 दिवसांत व्हायला हवा. प्रतिवादी असाल तर समन्स मिळालं त्याच दिवशी अर्ज टाका, कारण कैफियतीच्या, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराच्या, 30 दिवसांचं घड्याळ समन्सपासूनच चालू होतं.

कोर्ट फी, प्रोसेस फी (समन्स-नोटिसा बजावण्याची), नकला, भाषांतर हा खर्चही सेवेतच धरलेला आहे. पुष्कळ पक्षकार हे विचारतच नाहीत आणि नकलांचे पैसे खिशातून भरतात.

आता मुद्द्याचं. दिवाणी प्रकरण पॅनलवरच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतल्या, वकिलाकडे जातं. त्याला प्रकरणामागे दरपत्रकाप्रमाणे मानधन मिळतं, तेही बहुतेकदा काम संपल्याचा अहवाल आणि बिल दिल्यावर. वाटपाचा दावा वर्षानुवर्षं चालतो. मध्येच एखादा प्रतिवादी वारला की त्याचे वारस 90 दिवसांत रेकॉर्डवर आणावे लागतात, नाहीतर दावा त्याच्यापुरता अबेट होतो, म्हणजे संपतो. त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसांचे पत्ते, अर्ज, नव्याने समन्स एवढं सगळं करायचं, आणि ठोक मानधनात त्याचा वेगळा रुपया नाही. खासगी पक्षकाराची तारीख त्याच दिवशी दुसऱ्या कोर्टात असेल तर वकील कुठे उभा राहील, हे सांगायला नको. नवखा वकील पॅनलवर शिकायला येतो आणि हात बसला की निघून जातो.

फौजदारीत 2022 च्या योजनेने हे गणित बदललं. या योजनेतल्या लोक अभिरक्षक कार्यालयातले, म्हणजे आरोपींच्या मोफत बचावासाठीच्या कार्यालयातले, वकील पूर्णवेळ, दरमहा मानधनावर असतात आणि खासगी प्रकरणं घेऊ शकत नाहीत. मुख्य अभिरक्षकाला किमान 10 वर्षांचा अनुभव लागतो. रिमांडला माणूस हजर असतो, जामीनअर्ज रखडत नाही. त्रुटी अशी की हे कार्यालय फक्त आरोपीचं काम पाहतं; पीडितेला पुन्हा पॅनलकडेच यावं लागतं. शिवाय नेमणूक कंत्राटी, म्हणजे हातातला खटला अर्धा असताना वकील बदलू शकतो.

दिवाणीत सगळ्यांना पगारी नेमायची गरज नाही. मानधन टप्प्यांनी द्यावं : दावा किंवा कैफियत दाखल झाली की एक हप्ता, कोर्टाने वादाचे मुद्दे काढले की दुसरा, पुढे प्रत्येक साक्षीदाराच्या उलटतपासाला वेगळा आणि शेवटी युक्तिवादाचा. वारसांच्या अर्जासारख्या मधल्या कामांना स्वतंत्र दर हवा. बिलासाठी रोजनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवशीच्या कामकाजाच्या नोंदीची, प्रत पुरे. निकालाची वाट कशाला बघायची?

तोवर पक्षकाराने एवढं करावं. नेमणुकीच्या पत्रासोबत 16 अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक (ई-कोर्ट्सवर प्रकरण शोधायचा त्याचा स्वतंत्र क्रमांक) मागून घ्यावा आणि प्रत्येक तारखेनंतर ई-कोर्ट्स अ‍ॅपवर पुढची तारीख आणि त्या दिवशी काय झालं ते बघावं. वकील दोनदा गैरहजर दिसला तर त्या नोंदींची प्रत जोडून प्राधिकरणाच्या सचिवांकडे वकील बदलण्याचा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पॅनलच्या वकिलाला पक्षकाराकडून फी घेता येत नाही. मागितलीच, तर तेही त्याच अर्जात लिहावं.