खारपाणपट्ट्यातील गावाने काय निवडावे: प्रादेशिक नळयोजना, आरओ केंद्र की छतावरचे पाणी?

अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या काठाने पसरलेल्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी लागते, पण ते घशाखाली उतरत नाही. गाळाच्या जाड थरांत क्षार साठलेले आहेत आणि भूजलाचा निचरा मंद आहे, त्यामुळे बोअर आणखी खोल नेले तर गोडे पाणी लागेल ही आशा येथे बहुधा फोल ठरते. पाणी उकळून जंतू मरतात आणि तुरटीने गढूळपणा खाली बसतो. विरघळलेले क्षार मात्र दोन्ही उपायांनी जात नाहीत. अशा गावाच्या ग्रामसभेपुढे तीनच व्यवहार्य पर्याय उरतात: धरणावरून येणारी प्रादेशिक नळयोजना, गावातले आरओ केंद्र (मेम्ब्रेन या अतिसूक्ष्म पडद्यातून दाबाने पाणी ढकलून क्षार वेगळे करणारे) आणि छतावरच्या पावसाच्या पाण्याची साठवण.

तुलनेआधी एक हिशेब वेगळा केला पाहिजे, कारण तो न केल्यामुळेच बहुतेक ठराव चुकतात. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. पण त्यातले पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी लागणारे पाणी ८ ते १० लिटरच असते. उरलेल्यापैकी बऱ्याच कामांना मचूळ पाणी चालते, आणि गावे ते आजही वापरतात.

नळयोजनेचे मोठे बळ तिच्या उगमात आहे. वान किंवा काटेपूर्णा धरणातले पाणी मुळातच गोडे असल्याने ते गाळून, निर्जंतुक करून पुरवणे पुरेसे असते आणि क्षार काढण्याचा खर्च उद्भवत नाही. अडचण वाटेत आहे. येथील काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यातून गेलेल्या वाहिन्यांचे सांधे त्या ओढाताणीत निखळतात. शिवाय वाहिनीच्या शेवटच्या टोकावरील गावाला पाणी आठ-आठ दिवसांआड मिळणे नवे नाही. वाहिनी रिकामी असताना गळतीच्या जागेतून बाहेरची घाण आत ओढली जाते, आणि घरी आठवडाभर साठवलेल्या पाण्यातले क्लोरीन उडून जाते. म्हणून धरणाचे पाणी शुद्ध आहे एवढ्यावर समाधान मानू नये. शेवटच्या घराच्या नळाला ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर उर्वरित क्लोरीन सापडते का, हे जलसुरक्षकाने ओटी चाचणीने (द्रावणाचे थेंब टाकल्यावर येणाऱ्या पिवळ्या रंगावरून क्लोरीन मोजण्याची चाचणी) पाहिलेच पाहिजे.

आरओ केंद्र ग्रामसभेला सर्वांत लवकर पटते, कारण ते दोन महिन्यांत उभे राहते आणि उद्घाटनालाही शोभते. क्षार काढण्याचे काम ते खरोखरच करते, याबद्दल वाद नाही. तरीही आकडे मांडून पाहावेत. २०० कुटुंबांना रोज ४० लिटर द्यायचे म्हणजे ८,००० लिटर. निम्मे पाणी वाया जाते असे धरले, तर बोअरमधून रोज १६,००० लिटर उपसावे लागेल आणि जवळजवळ दुप्पट खारे झालेले ८,००० लिटर पाणी कुठेतरी सोडावे लागेल. ते नाल्यात सोडले, तर आधीच क्षारयुक्त असलेल्या शेतजमिनीत ते पुन्हा मुरणार. विक्रेत्याच्या अंदाजपत्रकात या पाण्याची जागा सहसा दाखवलेली नसते. तो टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजणारा मीटर मात्र आवर्जून दाखवतो. भारतीय मानक १०५०० प्रमाणे टीडीएस प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालतो, हे खरे. पण त्या मीटरला जंतू दिसत नाहीत. पाण्यात दोन कांड्या बुडवून ते तपकिरी करून दाखवण्याचा प्रयोगही पुष्कळांनी पाहिला असेल. तो रंग लोखंडी कांडीतून सुटतो, पाण्यातल्या घाणीतून नव्हे.

खर्चाचे म्हणाल तर २० लिटरच्या कॅनमागे पाच रुपये धरले, तरी रोज दोन कॅन घेणाऱ्या कुटुंबाला महिन्याला ३०० रुपये पडतात. ज्याला हे परवडत नाही, तो पुन्हा हापशीवर जातो. या पर्यायातला खरा अन्याय मला येथेच दिसतो.

छतावरचे पाणी हा पर्याय लोकांना कमी पटतो, पण हिशेबात तो भक्कम ठरतो. सुमारे ७५० मिलिमीटर पावसात ५० चौरस मीटरचे टिनाचे किंवा स्लॅबचे छप्पर, पंचमांश पाणी वाया गेले असे धरूनही, ३०,००० लिटर देते. पाच माणसांना माणशी आठ लिटरप्रमाणे कोरड्या आठ महिन्यांसाठी ९,६०० लिटर पुरतात. म्हणजे १०,००० लिटरची झाकलेली टाकी बस्स. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे, पन्हळी साफ ठेवाव्यात, टाकीत क्लोरीनची मात्रा द्यावी. वऱ्हाडातल्या धाब्याच्या, मातीच्या छतांवरून मात्र हे पाणी घेता येत नाही आणि बऱ्याचदा गरिबाचेच घर धाब्याचे असते. अशा घरांसाठी शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या स्लॅबवरून भरणारी सामाईक टाकी योजनेत धरावी लागेल.

माझे मत असे आहे की गाव मुख्य वाहिनीच्या सुरुवातीकडे असेल आणि पाणी किमान एक दिवसाआड येत असेल, तर पाणीपट्टीची वसुली आणि गळतीची दुरुस्ती यांवरच पैसा लावावा; आरओ तेथे अनावश्यक आहे. गाव शेवटच्या टोकाला असेल, तर नळयोजना न सोडता घरोघरी टाक्यांचे अनुदान आधी मागावे. जेथे वाहिनी पोहोचलेलीच नाही आणि छपरेही बहुतांश धाब्याची आहेत, तेथे आरओ घ्यावे. पण ठरावातच खाऱ्या पाण्याच्या विल्हेवाटीची जागा गट क्रमांकासह नमूद करावी आणि मेम्ब्रेन बदलण्याचा खर्च कोणाच्या खात्यातून जाईल हेही लिहून घ्यावे. पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर असे दोनदा तपासून घ्यावेत, कारण एकाच विहिरीचे दोन्ही वेळचे आकडे सारखे येतीलच असे नाही.