लेबल खरं, शिक्का खरा, कान मात्र गायब

जुन्या रेकॉर्डमध्ये फसवलं गेलं म्हटलं की चरे पडलेली, उन्हात वाकडी झालेली एलपी कुणीतरी गळ्यात मारली असेल असंच लोकांना वाटतं. मला आलेली रेकॉर्ड वाकडी नव्हती आणि नकलीही नव्हती. ब्लू नोट या अमेरिकन जाझ कंपनीचीच होती, ट्रम्पेटवादक ली मॉर्गनची ‘द साइडवाइंडर’च होती. तरीही मला सतरा हजारांची टोपी बसली. कशी, ते सविस्तर सांगते, कारण तोच माणूस तीच गोष्ट घेऊन अजून फिरतो आहे.

पुण्यात आमचा जाझ ऐकणाऱ्यांचा लहानसा गोतावळा आहे. जमेल तेव्हा रविवारी कुणाच्या तरी घरी बसायचं, प्रत्येकाने एक एलपी आणायची, तिची एक बाजू लावायची. एरवी संध्याकाळी ज्याच्या टर्नटेबलवर जे फिरत असेल त्याचा फोटो फोनवरून सगळ्यांना जातो. आमच्यातल्या एका काकांनी १९७८ च्या जाझ यात्रेत, म्हणजे मुंबईच्या जाझ महोत्सवात, सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्सना प्रत्यक्ष ऐकलंय. त्यांच्याकडे साठच्या दशकातल्या काही मूळ अमेरिकन प्रती आहेत आणि त्या दाखवण्याची हौस दांडगी आहे. हे फोटो पुढे कुठे कुठे जातात याचा विचार आमच्यापैकी कुणीच करत नव्हतं.

ओळखीच्या ओळखीतून एका विक्रेत्याचा नंबर आला. म्हणाला, मी बांद्र्याचा, आजोबा मूळचे गोव्यातल्या बार्देशातले, हॉटेलच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे, आता घर रिकामं करतोय. गोष्ट बेतलेली होती, पण बेतणाऱ्याला गिऱ्हाईक नीट माहीत होतं. ताजमहाल हॉटेलात १९३० च्या दशकापासून जाझ वाजत होतं. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड यांच्यासारखे गोव्याचे वादक एकीकडे जाझ वाजवायचे आणि दुसरीकडे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात काम करायचे. हे सगळं खरं. त्यामुळे अशा एखाद्या आजोबांच्या कपाटात ब्लू नोटची पहिली प्रत, म्हणजे पहिल्या खेपेत निघालेली रेकॉर्ड, निघाली, यावर मुंबई-पुण्यातला जाझवाला पटकन विश्वास ठेवतो. ठेवायलाच हवा असं त्याला मनातून वाटत असतं.

आता रेकॉर्डबद्दल. ‘द साइडवाइंडर’ २१ डिसेंबर १९६३ ला ध्वनिमुद्रित झाली आणि १९६४ मध्ये बाजारात आली. ती इतकी खपली की कंपनीला पुन्हा पुन्हा प्रती काढाव्या लागल्या. ब्लू नोटच्या रेकॉर्ड तेव्हा न्यू जर्सीच्या प्लॅस्टिलाइट कारखान्यात निघत. गाणी संपल्यावर लेबलापर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते, तिला डेड वॅक्स म्हणतात. त्या पट्टीत हा कारखाना एक बारीक खूण कोरायचा. खरं तर ते वळणदार इंग्रजी ‘पी’ अक्षर, पण दिसतं कानासारखं, म्हणून जगभरचे संग्राहक त्याला कानच म्हणतात. पुढे लिबर्टी कंपनीने ब्लू नोट विकत घेतली, कारखाना बदलला, आणि १९६६ पासूनच्या प्रतींवरून कान गेला.

गोम इथेच आहे. लिबर्टीने उरलेली जुनी लेबलं आणि कव्हरं फेकून दिली नाहीत, वापरून संपवली. त्यामुळे नंतरच्या कित्येक प्रतींवरही ‘न्यूयॉर्क यूएसए’ असंच जुनं लेबल असतं. ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांच्या नावाचा शिक्काही डेड वॅक्समध्ये असतो, कारण मूळ साचे तेच होते. लेबल आणि शिक्का दोन्ही अस्सल, फक्त कान नाही. किंमत मात्र निम्म्याच्याही खाली येते. खरं सांगायचं तर अशी प्रत ऐकायला मुळीच वाईट नसते. कमी पैशात व्हॅन गेल्डरचा आवाज हवा असेल तर मी स्वतः तीच घ्या म्हणेन. पण ती कान असलेली म्हणून विकणं हा शुद्ध गंडा आहे.

मी कानाचा फोटो मागितला होता. त्याने तो लगेच पाठवला, लख्ख, जवळून काढलेला. शेजारी व्हॅन गेल्डरचा शिक्काही दिसत होता. मी यूपीआयने पैसे पाठवले. कुरिअर वेळेत आलं, बांधणीही उत्तम होती. आतलं कागदी पाकीट बाहेर काढलं आणि त्यावरची जाहिरात वाचली: ब्लू नोटची २७ वर्षं. कंपनी सुरू झाली १९३९ मध्ये. पाकीट बदललेलं असू शकतं, म्हणून तेवढ्यावरून काही ठरत नाही, पण १९६४ च्या प्रतीत १९६६ चं पाकीट बघून पोटात गोळा आला. रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरली, दोन्ही बाजूंची पट्टी बोटाने चाचपली. कान नव्हता. लावली तर बॉब क्रॅनशॉचा बास छान उमटला, पण मॉर्गनचा ट्रम्पेट वर चढला की आवाज फाटत होता. कधीकाळी कुणीतरी जड, झिजलेल्या सुईने ती दळून काढली असणार. वरून पुसून चकाकवलेल्या रेकॉर्डमधली ही झीज कुठल्याच फोटोत दिसत नाही.

तो कानाचा फोटो मी काकांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, “अगं, ही तर माझी चटई! हा शाईचा डाग माझ्याच हातून पडलाय.” रेकॉर्डखाली त्यांनी स्वतः कापलेली कॉर्कची चटई असते. काही महिन्यांपूर्वी त्यांनीच आपल्या प्रतीचा तो फोटो हौसेने सगळ्यांना पाठवला होता. विक्रेत्याने कडा कापून तोच मला विकला. डागाचा एक कोपरा तेवढा राहून गेला.

फोन केला तर आधी अगदी आदबीने बोलला. “मॅडम, लेबल बघा ना, न्यूयॉर्क यूएसए लिहिलंय. शिक्का आहे. अजून काय पाहिजे?” कानाचं नाव काढलं तेव्हा म्हणाला, “आजोबांनी ठेवली होती तशी दिली.” चटईचं सांगितल्यावर फोन कट, आणि नंतर नंबर ब्लॉक. चौकीतल्या हवालदारांचा प्रश्नही साधा होता: “रेकॉर्ड आली ना? वाजते ना? मग?” साधं पोस्टाचं तिकीट दुर्मीळ म्हणून विकलं तर तिकीट खरं असूनही ती फसवणूकच, असं उदाहरण दिलं तेव्हा कुठे पटलं. फसवणुकीचं चारशेवीस आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ झालंय, हे त्यांनीच सांगितलं. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत आणि येतील असं मी धरूनही चाललेले नाही.

आता मी दुसऱ्याने काढलेल्या सुट्या फोटोवर व्यवहार करत नाही. विक्रेत्याला एका चिठ्ठीवर माझं नाव आणि त्या दिवसाची तारीख लिहायला सांगते. ती चिठ्ठी डेड वॅक्सशेजारी ठेवून, लेबलापासून कानापर्यंत न थांबता व्हिडिओ काढायचा, दोन्ही बाजूंचा. मग सुई ठेवून पहिल्या गाण्याचा मोठ्या आवाजाचा भाग आणि बाजूचा शेवट ऐकवायचा, कारण झीज आतल्या खाचांत जास्त कळते. प्रामाणिक विक्रेता याला पाच मिनिटांत तयार होतो. चोर बाजारातले जुने दुकानदार तर रेकॉर्ड हातात देतात आणि उजेडात बघा म्हणतात. चिडतो तो, ज्याच्याकडे ती रेकॉर्ड नसतेच.

आम्ही फोटो पाठवणं बंद केलेलं नाही. काकांनी मात्र डेड वॅक्सचे फोटो टाकणं सोडलं आहे, आणि टाकलेच तर मधोमध स्वतःचं नाव लिहितात. परवा एका मित्राला सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या ‘ब्लू ट्रेन’ची “१९५७ ची पहिली प्रत” दाखवली गेली. विक्रेत्याचं नाव वेगळं, नंबर वेगळा, आजोबा तेच, फक्त आता ते सॅक्सोफोन वाजवायचे. मित्राने चिठ्ठी मागितली, तिकडून उत्तर आलेलं नाही. हे आजोबा कुणाला भेटले असतील तर पैसे पाठवण्याआधी थांबा. पाठवले असतील तर बोलणं, फोटो आणि कुरिअरचं पार्सल आहे तसं जपून ठेवा आणि लगेच १९३० वर कळवा.