वर्गणी जमली, आता आरोग्य केंद्राला कोणतं उपकरण द्यायचं?

खानापूर, बेळगाव, निपाणीकडची पोरं पुण्या-मुंबईला नाहीतर गोव्याला कामाला. गणपतीला गावी आली की मंडळाच्या बैठकीत हल्ली एक विषय निघतोच: कमान झाली, मंडप झाला, यंदा आरोग्य केंद्राला काहीतरी द्यायचं. मग कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ लावतो. परदेशातल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी केलेली बाळाला उबदार ठेवणारी पिशवी, मत्स्यालयाच्या पंपावर चालणारं श्वासाचं यंत्र, सॅलड फिरवायच्या भांड्यातून केलेली रक्ततपासणी. किंमत ऐकून सगळे म्हणतात, घेऊन टाकूया.

घेण्याआधी ही उपकरणं एकमेकांशेजारी ठेवून बघूया. लाख-दीड लाखाची वर्गणी, कणकुंबी-जांबोटीकडच्या डोंगरातलं आरोग्य केंद्र, पावसाळ्यात केव्हाही जाणारा करंट आणि दर थोड्या दिवसांनी बदलणारे डॉक्टर, एवढं गृहीत धरलंय. बेळगाव शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलचा हिशेब वेगळा, तो इथे नाही.

बाळाची ऊब: पिशवी, वॉर्मर की आईची कूस

कमी वजनाच्या किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला अंगातली ऊब धरून ठेवता येत नाही. आपल्याकडे त्यावर शेगडी, गरम पाण्याची बाटली, खोलीत लावलेला बल्ब असे उपाय चालत आलेत. बाटलीनं बाळ भाजतं आणि शेगडीच्या धुरात त्याला श्वास घ्यावा लागतो.

बाळंतपण होणाऱ्या सरकारी दवाखान्यांत बहुतेक ठिकाणी रेडियंट वॉर्मर, म्हणजे बाळावर वरून ऊब सोडणारा हीटर असतो. चांगलं यंत्र आहे, बाळ उघडं ठेवून तपासता येतं. पण त्याचा हीटर भरपूर वीज खातो. हेस्कॉमचा, म्हणजे आमच्या भागातल्या वीज कंपनीचा, करंट गेला की साधा यूपीएस त्याला फार वेळ ओढू शकत नाही, आणि ॲम्ब्युलन्समध्ये तर तो नेताच येत नाही.

एम्ब्रेस नावाची पिशवी ही उणीव भरून काढायला आली. २००७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका वर्गात विद्यार्थ्यांच्या गटाला अगदी कमी खर्चात इनक्युबेटरचं, म्हणजे बाळाला उबेत ठेवायच्या काचेच्या पेटीचं, काम करेल असं काहीतरी बनवायला सांगितलं होतं. त्यासाठी त्यांच्यातले काही नेपाळला जाऊन आले. दानात मिळालेले इनक्युबेटर तिथल्या हॉस्पिटलांत रिकामे पडून होते, कारण बाळं जन्मत होती दूरच्या खेड्यांत. तेव्हा त्यांनी स्वस्त इनक्युबेटरचा नाद सोडला आणि विजेशिवाय गावात वापरता येईल अशी वस्तू करायला घेतली. पुढे तो गट बंगळूरला येऊन राहिला आणि भारतातल्या दवाखान्यांत फिरून त्यांनी ती सुधारत नेली.

तिची रचना जवळून बघण्यासारखी आहे. झोपायच्या पिशवीसारखं एक आवरण, त्याच्या पाठीत सरकवायचा मेणासारख्या पदार्थाचा पाउच आणि तो पाउच तापवायचा छोटा हीटर. हा पदार्थ साधारण ३७ अंशाला वितळतो. वितळलेला पदार्थ परत घट्ट होताना साठवलेली उष्णता सोडत राहतो आणि तेवढा वेळ त्याचं तापमान जवळजवळ हलत नाही. बर्फ पूर्ण वितळेपर्यंत ग्लासातलं पाणी थंडगार राहतं ना, तेच इथे उलट बाजूनं घडतं. अर्धा-पाऊण तास करंट मिळाला तर चार ते सहा तासांची ऊब हाताशी. कणकुंबीहून चोर्ला रस्त्यानं बेळगाव गाठायला एवढा वेळ पुरून उरतो. आवरण आतून पुसून घेता येतं, हाही मोठा गुण. जुलैत आमच्याकडे गोधडी आठवडाभर वाळत नाही, तिथे धुवायचं कापड कमी झालं की सिस्टर दुवा देतात.

बनवणाऱ्यांनी तिची किंमत साधारण २०० डॉलर सांगितली होती, तर परदेशी इनक्युबेटर २०,००० डॉलरपर्यंत जातो. तुम्ही मात्र आजचा भाव आजच मागवा. पाउच किती वेळा वापरता येतो, नवा कुठून मिळतो, हे त्याच कोटेशनमध्ये लिहून घ्या. पिशवी आहे आणि पाउच संपलाय, तर ते फक्त महागडं दुपटं.

आता तिसरा पर्याय, ज्याचा व्हिडिओ कुणी लावत नाही. बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायचं, म्हणजे कांगारू पद्धत. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर कमी पडले, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी ती सुरू केली. गरिबांची तात्पुरती सोय म्हणून बरीच वर्षं तिच्याकडे बघितलं गेलं. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. १ ते १.८ किलोच्या बाळांना, प्रकृती स्थिर व्हायची वाट न बघता, जन्मल्याबरोबर कांगारू पद्धत दिली तर मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. आपल्याच कर्नाटकातल्या कोप्पळ जिल्ह्यात सरकारी दवाखान्यांतून ही पद्धत मोठ्या प्रमाणावर राबवून दाखवलेली आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आधी कांगारू, मग पिशवी. मंडळानं दोन मागे कलणाऱ्या खुर्च्या, बाळ बांधायचे पट्टे आणि खोलीला जाड पडदा द्यावा. पडदा नसेल तर कुठली बाळंतीण तासन् तास छाती उघडी ठेवून बसेल? बाप किंवा आजीही बाळाला असं धरू शकते. आमच्याकडे आजी तयार होते, बाप लाजतो, पण तेही आता बदलतंय. एक एम्ब्रेस पिशवी घ्यावी ती रेफर केलेल्या बाळाच्या प्रवासासाठी आणि आई शुद्धीवर नसेल त्या वेळेसाठी. रेडियंट वॉर्मर केंद्रात आधीच असेल, तर दुसरा घेऊ नका. बंद असेल तर दुरुस्त करून द्या.

याच कामासाठी अमेरिकेत 'निओनर्चर' नावाचा इनक्युबेटर झाला होता. मोटारीचे हेडलाइट, पंखे असे सुटे भाग वापरून केलेला. मोटार दुरुस्त करणारा मेकॅनिक गावोगाव असतो, तोच हाही दुरुस्त करील, अशी कल्पना. २०१० मध्ये त्याचं जगभर कौतुक झालं, बक्षिसं मिळाली, पण तो कारखान्यातून बाहेर पडलाच नाही. त्याच्या कर्त्यानं, टिमथी प्रेस्टेरो यांनी, पुढे जाहीर भाषणात हे मोकळेपणानं सांगितलं. तो बनवणार कोण आणि विकत घेणार कोण, याचा मेळ बसला नव्हता. व्हिडिओ पाहून भारावलेल्या सदस्याला एवढी एक गोष्ट जरूर सांगा.

श्वासाचं यंत्र: चांगलं, पण आपल्या केंद्रासाठी नाही

अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी मत्स्यालयातले हवेचे पंप प्लास्टिकच्या डब्यात बसवून 'बबल सीपॅप'चा पहिला नमुना केला. नळीचं टोक पाण्यात जितकं खोल, तितका दाब: पाच सेंटिमीटर खोल बुडवलं तर पाच सेंटिमीटर पाण्याएवढा. त्या दाबामुळे अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसं श्वास सोडताना मिटत नाहीत. मलावीतल्या ब्लांटायर इथल्या हॉस्पिटलात त्याचा वापर झाला. २०१४ साली आलेल्या निष्कर्षात या यंत्रावरच्या बाळांपैकी ७१ टक्के जगली, नुसत्या ऑक्सिजनवरची ४४ टक्के. बाळं थोडीच होती, दोन्ही गट मिळून शंभरही नाहीत, पण फरक डोळ्यांत भरणारा होता. 'पुमानी' या नावानं ते विक्रीला आलं, तेव्हा साधारण ८०० डॉलरला, जिथे नेहमीचं यंत्र ६,००० डॉलरचं.

तरी प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी ते घेऊ नका. यंत्रासोबत ऑक्सिजन, पल्स ऑक्सिमीटर, मापाच्या नाकनळ्या आणि रात्रभर बाळावर नजर ठेवणारी तयार नर्स लागते. नाकनळी चुकीच्या मापाची बसली तर नाकाची त्वचा सोलवटते. हे जमतं नवजात अतिदक्षता कक्षात, म्हणजे जिल्हा रुग्णालयात नाहीतर मोठ्या दवाखान्यात. फारतर तालुक्याच्या हॉस्पिटलातल्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. त्यांना हवं असेल तर बंगळूरच्या कोइओ लॅब्सनं केलेलं 'सांस' आधी बघा. ते विजेवर, बॅटरीवर, सिलिंडरच्या दाबावर आणि वेळ पडलीच तर हातानं हवा भरूनही चालतं. शिवाय बिघडलं तर माणूस बंगळूरहून येईल, अमेरिकेहून यायची वाट बघायला नको.

रक्ताची तपासणी

याच राइस विद्यापीठाच्या दोन विद्यार्थिनींनी २०१० साली सॅलड स्पिनरपासून हातानं चालणारं सेंट्रिफ्यूज केलं. तीसेक डॉलरचे सुटे भाग, वीज नको, बारीक काचनळ्यांतलं रक्त दहा मिनिटं फिरवलं की तांबड्या पेशी खाली बसतात आणि रक्तक्षय मोजता येतो. कल्पना झकास. पण आशाताईंच्या पिशवीत काचनळ्या, त्यांची तोंडं बंद करायची माती आणि मोजायची पट्टी कुठे ठेवणार? ज्या गावात सरकारी डिजिटल हिमोग्लोबिन मीटर पोचलाय तिथे याची गरज नाही. मीटर असून त्याच्या पट्ट्या संपलेल्या असणं, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. तेव्हा पट्ट्यांना पैसे द्या. त्याच पैशात नवा मीटर घेऊन मोकळे होऊ नका.

स्टेथोस्कोपला जोडून आवाज मोठा करणारं आणि फोनवर पाठवणारं 'आयुसिंक' मुंबई आयआयटीतल्या तरुणांच्या कंपनीचं आहे. दूरच्या तज्ज्ञाला हृदयाचा आवाज ऐकवायला उपयोगी. आमगावसारख्या भीमगडच्या जंगलातल्या गावात मात्र आधी रेंज बघा.

बेळगावचीच एक प्लास्टिकची पिशवी

पुढची वस्तू विद्यार्थ्यांनी केलेली नाही. तरीही ती या यादीत हवी, कारण वरच्या सगळ्यांना मोजायला ती चांगली फूटपट्टी आहे. बाळंतपणानंतर किती रक्त गेलं हे बहुतेक ठिकाणी नजरेनं ठरवतात. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी अमेरिकन सहकाऱ्यांसोबत काम करताना बाळंतिणीखाली अंथरायची, खाली नरसाळ्यासारखी निमुळती होत जाणारी आणि मिलिलिटरच्या खुणा असलेली प्लास्टिकची शीट वापरात आणली. नजरेचा अंदाज या शीटच्या मापापेक्षा सुमारे ३३ टक्के कमी निघाला. म्हणजे सिस्टरना वाटायचं सगळं ठीक आहे, आणि बाई खरं तर धोक्याकडे चाललेली असायची.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉल गोळीचा बेळगाव जिल्ह्यातल्या १,६२० बाळंतिणींवरचा जो अभ्यास २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात ही शीट वापरली होती. गोळीनं अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. आणि २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांतल्या ८० हॉस्पिटलांत अशीच मापाची शीट आणि तिच्यासोबत लगेच द्यायच्या उपचारांचा संच वापरल्यावर गंभीर रक्तस्राव, त्यासाठीचं पोटाचं ऑपरेशन किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं. नुसती शीट रक्त थांबवत नाही. ऑक्सिटोसिन, ट्रानेक्झामिक ॲसिड ही रक्तस्राव थांबवायची औषधं आणि सलाइन तयार हवं. पण घंटा वाजवते ती शीटच.

तिला वीज नको, दुरुस्ती नको, कंपनीचा माणूस नको. फक्त पुरवठा चालू राहिला पाहिजे, कारण ती एकदाच वापरायची. केंद्रात बाळंतपणं होत असतील तर मी पहिले पैसे इथेच घालीन. होतात का, हे आधी रजिस्टर बघून ठरवा. कित्येक केंद्रांत आता बाई थेट तालुक्याला जाते. तिथे ही शीट आणि कांगारूच्या खुर्च्या दोन्ही तालुक्यालाच द्याव्यात.

आपल्या कॉलेजची पोरं

बेळगावात व्हीटीयू हे तंत्रशिक्षणाचं विद्यापीठ आहे, इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत, दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्ट म्हणून काही ना काही वैद्यकीय उपकरण करतात. 'आमचाच नमुना गावात लावा' असं कुणी म्हणालं तर आनंद वाटेल, पण रुग्णाला लावू देऊ नका. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार विक्रीच्या उपकरणाला परवाना लागतो, आणि माणसांवर चाचणी घ्यायची तर मेडिकल कॉलेजची नैतिकता समिती मध्ये हवी. एम्ब्रेसच्या मुलांनाही वर्गातून दवाखान्यात पोचायला वर्षं लागली.

त्या पोरांना दुसरं काम आहे आणि ते जास्त मोलाचं आहे. १६ देशांतल्या एका लाखाहून जास्त उपकरणांची पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात ३८ टक्के बंद निघाली. त्याआधीच्या एका अभ्यासात गरीब देशांतल्या हॉस्पिटलांमधली बंद उपकरणं दुरुस्त करायला घेतली, तर ७२ टक्के परदेशी सुटा भाग न मागवता चालू झाली. फ्यूज, वायर, साफसफाई, बॅटरी, चुकीचं सेटिंग. तेव्हा दोन पोरांना सुट्टीत केंद्रात बोलवा. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या परवानगीनं मल्टिमीटर घेऊन कपाटातली बंद यंत्रं तपासू द्या. जे बाळाच्या अंगाला लागतं, ते चालू झाल्यावर कंपनीच्या माणसाकडून तपासून घ्यायचं, एवढी अट घाला.

त्यांच्याकडून वापराच्या सूचनाही लिहून घ्या, कन्नडमध्ये आणि मराठीत, मोठ्या अक्षरात, भिंतीवर. बोर्डावरच्या भाषेवरून आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको. पण रात्री दोन वाजता पाउच तापवणारी सिस्टर विजयपूरकडची, कन्नड बोलणारी असते आणि तिच्या मदतीला उभी राहिलेली आशा गावातली, मराठी बोलणारी.

पैशाचं म्हणाल तर जमलेल्या रकमेतला पाचवा भाग शीट, पट्ट्या, पाउच यांसाठी बाजूला ठेवा. देणगी आरोग्य रक्षा समितीच्या ठरावानं द्या आणि वस्तूची नोंद त्याच दिवशी केंद्राच्या स्टॉक रजिस्टरमध्ये करून तिची झेरॉक्स मंडळाच्या फायलीत लावा. नोंद नसेल तर पुढचे डॉक्टर आल्यावर त्या वस्तूला वाली उरत नाही. फोटोतला हार-तुरा नंतर झाला तरी चालेल.