शेतावरच्या सहली : लावणीपासून आंब्यापर्यंतचा आमचा अनुभव

गेल्या आषाढापासून आम्ही शेतावर जातोय. आम्ही म्हणजे मी, नवरा, चौथीतली मुलगी, बालवाडीतला मुलगा आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. राहायला पुण्यात, त्यामुळे बहुतेक ठिकाणं दोन-तीन तासांच्या अंतरावरची. निष्कर्ष आधीच सांगते : आपली सुट्टी बघून नाही, पिकाचा हंगाम बघून जा. ज्या दिवशी शेतात खरं काम चालू असतं तो दिवस मुलं विसरत नाहीत. नुसतं जेवण, झोका आणि बैलगाडीची फेरी असेल तर तासाभरात ‘आता घरी कधी जायचं’ सुरू होतं.

सगळ्यात जास्त काही मिळालं ते मुळशीतल्या भातलावणीतून. जुलैचा पहिला पंधरवडा, संततधार, खाचरात पोटऱ्यांपर्यंत चिखल. शेतकरी दादांनी इंद्रायणी जातीच्या भाताचं रोप आधीच उपटून मुठी बांधून ठेवल्या होत्या. त्यांची लावणी चारसूत्री पद्धतीची. दोरीवर १५ आणि २५ सेंटीमीटरवर आलटून पालटून खुणा असतात, त्या खुणेवर दोन-तीन रोपांचा चूड लावायचा आणि मागे सरकायचं. मग चार चुडांच्या मधोमध खताची एक गोळी बोटाने खोल खुपसायची. ही गोळी म्हणजे युरिया आणि डीएपी ही खतं दाबून केलेली ब्रिकेट. खत चिखलात खाली राहतं, पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जात नाही, म्हणून कमी लागतं. गोळ्या खुपसायचं काम मुलांना दिलं आणि दोघंही त्यात इतकी रमली की माझं लक्ष नसलं तरी चाललं असतं. शेजारच्या खाचरात गावातल्या बायका लावणी करत होत्या. आमची ओळ वाकडी गेली की एक मावशी येऊन मुलीला सांगायच्या, ‘बाळा, दोरीकडं बघ, पायाकडं नको.’ अर्ध्या तासात आमच्या कमरा भरून आल्या. त्या बायका मात्र दिवसभर वाकून होत्या. रोज भात खाणाऱ्या माझ्या मुलांनी हे पाहिलं याचं मला फार मोल वाटतं.

दुपारी तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा आणि वाफाळता भात. अंगावरचे कपडे बदलायला आडोसा होता, हातपाय धुवायला गरम पाणी होतं. पावसाळ्यात जाताना या दोन गोष्टी फोनवरच विचारून घ्या. शक्य असेल तर रविवार टाळा, ताम्हिणीकडच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि मुलं गाडीतच दमतात.

दिवाळीनंतर आम्ही त्याच खाचरात कापणीला पुन्हा गेलो. माझ्या मते या सगळ्या वर्षातला हा सगळ्यात योग्य निर्णय. कापणीला वैभव विळे होते, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे, करवतीसारख्या दातांचे. मुलीला मोठ्यांनी हात धरून चार-पाच चूड कापू दिले. धाकट्याला झोडणी आवडली. पेंढी आपटली की दाणे उडतात, त्यात त्याचा सगळा वेळ गेला. येताना तांदूळ तिथूनच घेतला आणि तेव्हापासून घरचा इंद्रायणी तिथूनच येतो. दहा ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा एका शेतावर वर्षातून दोनदा जा, हे मी प्रत्येकाला सांगते. दुसऱ्या खेपेला तुम्ही पाहुणे राहत नाही आणि दादाही मुलांशी मनापासून बोलतात.

हुरड्याचा अनुभव दोन टोकांचा. पहिल्यांदा नगर रस्त्यावरच्या एका मोठ्या केंद्रात गेलो. स्पीकरवर गाणी, रेन डान्स, पाळणे आणि तुडुंब गर्दी. हुरडा पोत्यांतून आला होता, बाराच्या सुमारास संपला. आवारात ज्वारीचं एकही उभं धाट नव्हतं. माणशी हजाराच्या वर पैसे देऊन मुलांना ज्वारी कशी दिसते हे कळलंच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

दुसऱ्यांदा शिरूरच्या बाजूला एका छोट्या शेतावर गेलो आणि सगळं वेगळं होतं. त्यांनी गुळभेंडी आणि सुरती हे हुरड्याचेच वाण टप्प्याटप्प्याने पेरले होते. कणीस हुरड्यात येतं ते थोडेच दिवस. दाणा भरलेला पण मऊ, दाबला की दुधाळ चीक यावा असा. त्यानंतर तो कडक होतो. म्हणून एकदम पेरलं तर आठवड्याभरात खेळ संपतो. इथे मुलांनी स्वतः कणसं निवडून आणली. गोवऱ्यांच्या निखाऱ्याची आगटी, त्यात कणसं खुपसलेली. सासूबाई माहेरच्या मंगळवेढ्याच्या, मालदांडी ज्वारीच्या मुलखातल्या. त्यांना आगटीशेजारी खुर्ची मिळाली आणि मग तिथल्या कारभारीणबाईंनी सूत्रं त्यांच्याकडेच सोपवली. गरम कणीस हातावर कसं चोळायचं, कोंडा कसा फुंकायचा, हे त्यांनी नातवंडांना आणि इतर चार कुटुंबांच्या मुलांनाही शिकवलं. मला म्हणाल्या, ‘अगं, इतक्या वर्षांत मला कुणी हे विचारलंच नव्हतं.’ सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, बोरं, उसाचे करवे. हुरडा पोटाला जड, वर पाण्याऐवजी ताक घ्या आणि जेवणाचा आग्रह धरू नका. डिसेंबरचा शेवट ते जानेवारी हा चांगला काळ, पण फोन करून ‘हुरडा तुमच्याच रानातला का?’ हे विचाराच.

स्ट्रॉबेरीसाठी पाचगणी-भिलारकडे फेब्रुवारीत गेलो. उंच वाफे, त्यावर प्लॅस्टिकचं आच्छादन, खालून ठिबक. फळ ओढायचं नाही, देठ नखाने तोडायचा, एवढं शिकलं की लहान मूलही तोडू शकतं. तोडाल तेवढं वजन करून विकत घ्यायचं. फळ धुतल्याशिवाय तोंडात घालू देऊ नका, फवारणी झालेली असते. भिलार हे पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत वाचायला बसता येतं, त्यामुळे सासूबाईंचा दिवस सावलीत छान गेला.

नारायणगावच्या बाजूला द्राक्षबाग फक्त पाहिली. निर्यातीच्या मालाला हात लावू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. मण्यावरचा पांढरट, मेणासारखा थर बोट लागलं तरी पुसला जातो. मुलांना तोडायचंच असेल तर हे ठिकाण नाही.

आंब्यासाठी रत्नागिरीजवळ दोन रात्री राहिलो, एप्रिलच्या शेवटी. काढणी उजाडता उजाडता होते, म्हणून मुक्काम हवाच. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, फळ देठासकट काढतात. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतो. तोच चीक माणसाच्या कातडीलाही भाजतो, तेव्हा मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. दहानंतर उकाडा सहन होत नाही. खर्चात हीच सहल सगळ्यात महाग पडली. पण आंबे पिकवायला आढी कशी लावतात हे घरातल्या आजींनी गवत पसरून दाखवलं, ते इतर कुठे पाहायला मिळालं नसतं.

नोंदणीबद्दल थोडं. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं आणि पर्यटन संचालनालयाकडे केंद्रांची नोंदणी होते. प्रमाणपत्र असेल तर चांगलंच. तरी शेतात त्या आठवड्यात काय चाललंय हे त्यावरून कळत नाही. मी आता फोन उचलल्यावर पहिला प्रश्न हाच विचारते. शेतकरी असेल तर लगेच सांगतो : ‘पुढच्या मंगळवारी नांगर लावतोय, तेव्हा या.’ उत्तरात फक्त मेनू आणि पॅकेज आलं तर आम्ही जात नाही. म्हाताऱ्या माणसांसाठी पाश्चात्य पद्धतीचा संडास आहे का, गाडी शेतापर्यंत जाते का, हेही विचारा. आमच्या दोन बेतांवर याच कारणाने पाणी सोडावं लागलं.

यंदा पुरंदरचं अंजीर राहिलंय. दिवे-सोनोरीकडे खट्टा बहाराच्या, म्हणजे हिवाळी फळांच्या, वेळी मुलांना घेऊन कुणी गेलं असेल, तर फळ नेमकं कुठल्या आठवड्यात मिळालं आणि बागेत तोडू दिलं का, ते जरूर कळवा.