पिवळा हायलायटर सोडून आठ महिने झाले

डाळिंबावरच्या तेल्या रोगात पीएचडी करतेय, दुसरं वर्ष. गेल्या वर्षी लॅबच्या सेमिनारला मीच निवडलेला पेपर मांडत होते. सरांनी मध्येच विचारलं, "कंट्रोलला काय फवारलं होतं त्यांनी?" कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी औषधाविना ठेवलेली झाडं. पेपर दोनदा वाचलेला, हायलायटरने अख्खा पिवळा केलेला, आणि उत्तर येईना. पानं उलटत बसले. नुसतं पाणी होतं, हे सापडेपर्यंत सर पुढे गेले होते.

त्यानंतर जे सुरू केलं ते अजून टिकलंय, म्हणून लिहितेय.

वाचायची पद्धत एस. केशव यांची. २००७ सालचा छोटासा लेख आहे, तीन फेऱ्यांचा. पहिल्या फेरीत पाच-दहा मिनिटं फक्त सारांश, प्रस्तावना, उपशीर्षकं, निष्कर्ष. दुसरीत तासभर, आकृत्या नीट बघत. तिसरीत आपणच ते काम करतोय असं धरून एकेक गृहीतक तपासायचं. केशव कम्प्युटर नेटवर्कवाले, त्यामुळे तिसरी फेरी मी शेतावरच्या प्रयोगांसाठी वळवून घेतली: रेप्लिकेशन किती (तोच उपचार किती ठिकाणी परत करून बघितला), त्या हंगामात पाऊस किती. खरा फायदा मात्र पहिल्या फेरीचा. दहातले सहा-सात पेपर तिथेच बाद होतात.

पेपर साठवायला झोटेरो नावाचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, पीडीएफ त्यातच उघडते, सिंकला ३०० एमबी मिळतात, मला पुरतात.

आता मुख्य गोष्ट. वाचून झालं की पेपर बंद करायचा आणि आठवून चार ओळी लिहायच्या, मराठीत. प्रश्न काय, केलं काय, निघालं काय, मला कुठे पटलं नाही. इंग्रजीत लिहिलं की सारांशातलीच वाक्यं हातातून उतरतात. मराठीत लिहायला आधी कळावं लागतं. पहिले दोन आठवडे दुसऱ्या ओळीलाच अडायचे, फार चिडचिड व्हायची. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग वाचला तेव्हा जरा धीर आला: पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणाऱ्यांना जास्त आठवतं, आठवड्यानंतर मात्र आठवून बघणारे पुढे. सेमिनारच्या आदल्या रात्री मला सगळं येतंय असं का वाटलं होतं, ते तिथे कळलं.

वाचलेलं टिकावं म्हणून प्रश्न-उत्तरांची कार्डं करते, त्यासाठी अंकी: ठरावीक दिवसांनी तेच कार्ड परत विचारणारं ॲप. अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर विकत. पहिल्या महिन्यात हावरटपणाने ४०० कार्डं केली. मृग बहाराच्या कामाला पंधरा दिवस शेतावर गेले, परतले तर उत्तरं द्यायची राहिलेल्या कार्डांची थकबाकी बघवेना. सगळी उडवली. आता पेपरमागे तीनच. "तेल्याची लक्षणं सांगा" हे कार्ड वाईट, कारण उत्तर अर्धंच आठवतं आणि आपण स्वतःला पास करून टाकतो. "तेल्यात फळ कोणत्या आकारात तडकतं?" हे चांगलं: इंग्रजी एल किंवा वाय. तिसरं कार्ड नेहमी एकच, "हा निकाल कुठे लागू पडणार नाही?" सगळ्यात जास्त उपयोग त्याचा झालाय.

संख्याशास्त्राला ही कार्डं चालली नाहीत. व्याख्या पाठ झाल्या, पण विश्लेषण वाचताना तितकीच गोंधळलेली. तिथे स्वतःचा डेटा घेऊन आर-मध्ये (संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर) बसल्याशिवाय डोक्यात काही शिरत नाही.

सध्या कार्डांना रोज बारा-पंधरा मिनिटं जातात, बसमध्येच. रविवारी सुट्टी घेऊन बघितली. सोमवारी उतरायचा स्टॉप चुकला.