गटविमा की स्वतःची पॉलिसी?

हाताखाली काही माणसं असली की आरोग्याच्या गटविम्याचा, म्हणजे सगळ्यांसाठी मिळून एकाच पॉलिसीचा, विचार आधी मनात येतो, आणि तो रास्तच आहे. आधीपासून मधुमेह असलेल्या कामगारालाही त्यात बहुतेकदा तपासणीशिवाय संरक्षण मिळतं. वैयक्तिक पॉलिसीत त्याच आजारासाठी प्रतीक्षा कालावधी, म्हणजे त्याचा खर्च मिळत नाही असा सुरुवातीचा काळ, लागू शकतो. पण गटविम्याचा हप्ता नूतनीकरणाच्या वेळी नव्याने ठरतो. छोट्या गटात एकाची बायपास झाली, तरी तो चढू शकतो. शिवाय धंदा बंद पडला की हे छत्रही जातं, तेही नेमकं हातात पैसा नसताना. म्हणून कामगारांसाठी गटविमा जरूर घ्या, पण घरच्यांची पॉलिसी वेगळी ठेवा, तीही तब्येत धडधाकट असतानाच. आणि रुग्णालयातल्या खोलीभाड्याची मर्यादा दोन्हींत वाचा; महागडी खोली घेतली तर बाकीच्या बिलालाही कात्री लागू शकते.